दमट मुंबईत इन्फ्रारेड फेम्टोसेकंद लेसर: अणू-रेणूंच्या प्रयोगासाठी स्रोत कसा उभारावा

प्रयोगशाळेत नव्याने आलेला विद्यार्थी हमखास विचारतो, "आपली पल्स किती फेम्टोसेकंदांची आहे?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. आधी विचारायचं ते हे, की समोरच्या अणूचं नेमकं काय करायचंय? त्याचं उत्तर कागदावर उतरलं की तरंगलांबी ठरते, तीव्रता ठरते, दर सेकंदाला किती पल्स हव्यात ते ठरतं, आणि मग किती फेम्टोसेकंद हे जवळजवळ आपोआप येतं. मी स्वतः हे उलट्या क्रमाने शिकलो. त्यात दोन पावसाळे गेले.

मुंबईत या विषयाला परंपरा आहे. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) अणू-रेणू आणि तीव्र लेसर यांवर अनेक वर्षं काम चालू आहे. पवईला आयआयटी आहे, ट्रॉम्बेला बीएआरसी. हा लेख मात्र एमएस्सी संपवून पहिल्यांदाच ऑप्टिकल टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसासाठी आहे. ८०० नॅनोमीटरचा तयार फेम्टोसेकंद लेसर हाताशी आहे असं धरतो आणि त्यातून १.८ मायक्रॉनची, दोनेक आवर्तनांची (म्हणजे लाटेच्या दोनच हेलकाव्यांएवढी आखूड) पल्स कशी काढायची ते सांगतो.

आधी कागद-पेन्सिल

आमची दोन मापं आधी पक्की करू. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या कोटी-कोटीव्या भागाचा दहावा भाग. आणि अणूमधून इलेक्ट्रॉन उपटायला लागणारी तीव्रता म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण कोटी-कोटी वॉट, एकावर चौदा शून्यं. कोटी गुणिले कोटी. पुढे या तीव्रतेला मी नुसतं 'एक कोटी-कोटी' म्हणेन.

लेसरच्या क्षेत्रात सुटा झालेला इलेक्ट्रॉन लाटेच्या तालावर मागेपुढे डोलतो. या डोलण्याच्या सरासरी ऊर्जेला पॉन्डरोमोटिव्ह ऊर्जा म्हणतात. आम्ही आपसात तिला डोलऊर्जा म्हणतो. तिचं सूत्र पाठच करून टाका: ९.३३ गुणिले तीव्रता (कोटी-कोटींत) गुणिले तरंगलांबीचा वर्ग (मायक्रॉनमध्ये). उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येतं. एका कोटी-कोटीला ८०० नॅनोमीटरवर ही ऊर्जा ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते, १.८ मायक्रॉनवर ३० आणि ३.१ मायक्रॉनवर ९०. तीव्रता तीच, तरंगलांबी सव्वादोन पट, ऊर्जा पाचपट. इन्फ्रारेडकडे जाण्याचं सगळं कारण त्या वर्गात आहे.

आता पॉल कॉर्कम यांनी १९९३ साली मांडलेलं तीन पायऱ्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, क्षेत्र उलटं फिरल्यावर माघारी येतो आणि आपल्याच आयनावर आदळतो. आदळताना त्याच्याकडे जास्तीत जास्त डोलऊर्जेच्या ३.१७ पट ऊर्जा असते. ८०० नॅनोमीटरला ती १९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनची स्वतःची तरंगलांबी २.८ अँगस्ट्रॉम. १.८ मायक्रॉनला ऊर्जा ९५ आणि तरंगलांबी १.२६ अँगस्ट्रॉम. नायट्रोजनच्या रेणूतलं अंतर १.१० अँगस्ट्रॉम आहे, ऑक्सिजनच्या १.२१. रेणूने स्वतःच्याच इलेक्ट्रॉनने स्वतःचा फोटो काढावा अशी इच्छा असेल तर ८०० नॅनोमीटरवर ती पुरी होत नाही, इथे होऊ लागते.

हार्मोनिक्स (लेसरच्या वारंवारतेच्या पटींतला प्रकाश), म्हणजे अतिनील आणि मऊ क्ष-किरण हवे असतील तर त्याच ऊर्जेत आयनीभवन ऊर्जा मिळवा. आर्गॉनसाठी ती १५.७६ आहे. ८०० नॅनोमीटरला मर्यादा ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, १.८ मायक्रॉनला १११ची. अॅन लुइलिए यांना १९८७ साली फ्रान्समध्ये आर्गॉनसारख्या वायूंत ही हार्मोनिक्सची रांग दिसली तीही १०६४ नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड लेसरनेच. त्या वाटेने पुढे २०२३चं नोबेल आलं. पण याची एक किंमत मोजावी लागते. तरंगलांबी वाढली की हार्मोनिक्सचा उजेड तिच्या पाचव्या-सहाव्या घाताने उतरतो. आपल्या उदाहरणात तो ६० ते १३० पटींनी मंद होतो. हे आधी माहीत नसलं की महिनोन् महिने डिटेक्टरला दोष देत बसायची पाळी येते.

शेवटचा आकडा केल्डिश या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचा; इलेक्ट्रॉन अणूतून कसा सुटतो ते तो सांगतो. आयनीभवन ऊर्जेला डोलऊर्जेच्या दुपटीने भागून वर्गमूळ काढा. आर्गॉनला एका कोटी-कोटीवर ८०० नॅनोमीटरला १.१५ येतं, १.८ मायक्रॉनला ०.५. एकाच्या बऱ्याच खाली गेलं की इलेक्ट्रॉन भिंतीतून बोगदा काढून निघतो असं निर्धास्तपणे म्हणता येतं आणि सिद्धांतवाल्या मित्रांची गणितं तुमच्या मोजमापाशी जुळू लागतात.

एवढं एका पानावर लिहा आणि ते पान टेबलाच्या वर चिकटवा.

पंप कुठला?

पंप म्हणजे सगळी ऊर्जा पुरवणारा मूळ लेसर. क्रिस्टलमध्ये त्याच्या एका फोटॉनचे दोन होतात: आपण वाढवतो तो सिग्नल आणि त्याच्या जोडीने जन्मणारा, जास्त तरंगलांबीचा आयडलर. आपली १.८ मायक्रॉनची पल्स म्हणजे हा आयडलर. पंपासाठी बाजारात दोन घराणी आहेत. टायटेनियम-सफायर, जे पीटर मोल्टन यांनी १९८२ साली दाखवलं: ८०० नॅनोमीटर, ३० ते ५० फेम्टोसेकंद, सेकंदाला हजार पल्स, प्रत्येकीत काही मिलिजूल. आणि यिटर्बियम: १०३० नॅनोमीटर, पल्स २०० ते ३०० फेम्टोसेकंद म्हणजे लांबुडकी, पण सेकंदाला लाखभर. दोन्हींमागे स्ट्रिकलंड आणि मूरू यांची १९८५ची युक्ती आहे: पल्स आधी ताणा, मग वाढवा, मग पुन्हा आवळा. त्यांना २०१८चं नोबेल मिळालं ते यासाठीच.

निवड करताना ऊर्जेपेक्षा मोजणीकडे बघा. आयन आणि इलेक्ट्रॉन एकाच रेणूतून आले हे जोडीने पकडायचं असेल तर दर पल्सला सरासरी ०.१च्या आसपास घटनाच परवडतात. जास्त झाल्या की कोणाची जोडी कोणाशी, हा घोळ होतो. हजार पल्सच्या लेसरवर म्हणजे सेकंदाला १०० घटना. दहा लाख घटना जमवायला पावणेतीन तास लागतात, आणि तेवढा वेळ सगळं स्थिर राहायला हवं. लाख पल्सच्या लेसरवर तेच काम १०० सेकंदांत होतं. नवी प्रयोगशाळा जोड्या पकडण्यासाठीच उभी राहत असेल तर मी डोळे मिटून यिटर्बियम घेईन. त्यातून १.५५ मायक्रॉनचा सिग्नल काढला की आयडलर ३.०७ मायक्रॉनवर पडतो, तोही कामाचा. पण आपल्याकडे बहुतेकांच्या टेबलावर आधीपासून टायटेनियम-सफायर बसलेला असतो, म्हणून इथे त्याचीच वाट धरतो.

खोली: हा भाग वगळू नका

परदेशी पुस्तकांत या विषयाला अर्धं पान मिळतं. मुंबईत तो निम्मा प्रकल्प आहे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरची आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या पुढे असते. खोलीत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता राखली तर दवबिंदू १३ अंशांवर राहतो. पण एसी बंद पडून २७ अंश आणि ७५ टक्के झाले की तो २२ अंशांवर चढतो. लेसर क्रिस्टलचा चिलर १८ अंशांवर चालू असेल तर थंड ताकाच्या ग्लासावर येतं तसं पाणी क्रिस्टलच्या धारकावर येतं. त्या पाण्यात पंप बीम घुसला की पृष्ठभाग गेला. म्हणून लेमिंग्टन रोडवरून आर्द्रतेचा सेन्सर आणि एक साधा मायक्रोकंट्रोलर आणा, दर मिनिटाला दवबिंदू काढा, आणि तो चिलरच्या तापमानाच्या ३ अंश जवळ आला की पंप बंद होईल असा रिले जोडा. एका दुपारचं काम आहे. टेबलावरच्या सगळ्यात महागड्या वस्तूचा तो विमा आहे.

घरगुती पद्धतीच्या एसीवर भिस्त ठेवू नका. ठरलेलं तापमान गाठलं की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. म्हणजे तापमान स्थिर आणि आर्द्रता झोके घेतेय, असा प्रकार. वेगळा डीह्युमिडिफायर लावा. तो खोली थोडी तापवतो, तेवढा भार एसीच्या हिशेबात धरा.

मग हवेतल्या वाफेचा दुसरा त्रास. पाण्याची वाफ १.४ मायक्रॉनला प्रकाश गिळते, १.९ला गिळते, २.७च्या आसपास तर अधाशासारखी गिळते. कार्बन डायऑक्साइड ४.२६ला. आपली १.८ मायक्रॉनची आखूड पल्स १.६ ते २.० एवढी पसरलेली असते, म्हणजे तिचा एक पाय थेट वाफेच्या पट्ट्यात. ऊर्जा कमी होते ते एक वेळ चालेल. पण वाफेच्या रेषा अरुंद असतात, म्हणून त्या पल्समागे पिकोसेकंद लांबीची शेपटी जोडतात. माझ्या पहिल्या पावसाळ्यात पल्सच्या मागे सारख्या लहरी दिसायच्या. मी तीन आठवडे क्रिस्टल, आरसे, काचा बदलत बसलो. ऑक्टोबरात ऊन पडलं आणि लहरी आपोआप विरल्या.

यावर उपाय खोका. बीमचा सगळा इन्फ्रारेड मार्ग अॅक्रिलिकच्या खोक्यात घ्या आणि आत कोरडी हवा सोडा. आमच्या वर्कशॉपमधल्या काकांकडे मी कल्पना घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "झाकण रोज किती वेळा उघडणार, ते सांग आधी." मी म्हटलं, वीसेक वेळा. "मग झाकण करूच नको, खिडक्या कर." हातमोजा जाईल एवढ्या खिडक्या प्रत्येक नॉबसमोर, तो खोका अजून चालतोय. स्क्रू, रबरी पट्ट्या, वायूच्या नळ्यांचे जोड, सिलिका जेल हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतं. कोरड्या हवेसाठी ड्रायर जोडलेला कॉम्प्रेसर बरा, पण तेलविरहित. तेलाचा धूर आरशांवर बसला तर वाफ परवडली म्हणाल. नायट्रोजन वापरलात तर खोलीत ऑक्सिजनचा मीटर असलाच पाहिजे. बंद खोलीत नायट्रोजन साचला तर माणूस खोकत नाही, त्याला गुदमरल्यासारखं वाटत नाही. थेट कोसळतो.

विजेचं थोडक्यात. मुंबईत लाइट जात नाही हा आपला जुना अभिमान १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी उतरला. लेसरसोबत चिलर आणि व्हॅक्यूम पंपही यूपीएसवर घ्या. आणि समुद्राजवळ असाल तर साधे लोखंडी स्क्रू वापरू नका, खाऱ्या हवेत वर्षभरात माउंट जाम होतात.

डोळे

७०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, किंवा दिसला तर अगदी मंद, पण भिंगातून थेट रेटिनापर्यंत जातो. १.४ मायक्रॉनच्या पुढे तो बाहेरच्या पडद्यातच जिरतो म्हणून जाहिरातीत 'डोळ्यांना सुरक्षित' लिहितात. रेटिना वाचते, कॉर्निया भाजते. चष्मा पंप, सिग्नल आणि आयडलर तिन्हींसाठी हवा. अंगठी आणि घड्याळ दारातच काढा. खाली पडलेलं पेन उचलायला वाकताना डोळे मिटा, कारण वाकलं की डोळे नेमके बीमच्या उंचीवर येतात.

पांढरा प्रकाश

इथून खरी मजा सुरू होते. ८००च्या बीममधून अगदी थोडा, एक-दोन मायक्रोजूलचा भाग वेगळा काढा, १०० मिलिमीटरच्या भिंगाने २ मिलिमीटर जाडीच्या सफायरमध्ये केंद्रित करा. आयरिस (बीमचं तोंड लहान-मोठं करणारी झडप) ३ मिलिमीटरवर, उजेड कमी-जास्त करणारा फिल्टर बंद. मग फिल्टर हळूहळू उघडा. आधी काही नाही, मग समोरच्या कागदावर पिवळसर पांढरी थाळी अचानक उमटते, तिच्याभोवती रंगांचं कडं. उंबरठा ओलांडला की थोडं पुढे जाऊन थांबा. थाळीत रेघोट्या दिसू लागल्या तर आत एकाऐवजी दोन तंतू तयार झालेत. ऊर्जा कमी करा किंवा आयरिस आवळा. भिंगाच्या केंद्राच्या तुलनेत सफायर मिलिमीटरभर पुढे-मागे केलं तरी मोठा फरक पडतो.

उजळ थाळी बघून हुरळून जाऊ नका. डोळ्याला दिसतं ते आपल्याला नकोय. आपल्याला त्याची १.४४ मायक्रॉनची अदृश्य कड हवी, कारण ८००मधून १.४४ वजा केलं की आयडलर १.८वर येतो. (ही वजाबाकी तरंगलांबीची नव्हे, वारंवारतेची: एक भागिले ८०० वजा एक भागिले १४४० बरोबर एक भागिले १८००.) १००० नॅनोमीटरच्या वरचं तेवढं जाऊ देणारा फिल्टर लावा आणि इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडच्या स्पेक्ट्रोमीटरवर बघा. सिलिकॉनचा डिटेक्टर १.१ मायक्रॉनला आंधळा होतो.

इथली खळबळ पुढे प्रत्येक टप्प्यावर वाढत जाते. म्हणून पांढऱ्या प्रकाशाचा दहा मिनिटांचा चढउतार एक-दोन टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. एसीचा झोत बीमच्या या मार्गावर येत असेल तर चढउतार तेवढा खाली कधीच येणार नाही. पुठ्ठ्याचा आडोसासुद्धा पुरतो.

पहिला टप्पा आणि हरवलेला शून्य क्षण

आता पंपाचा शे-दीडशे मायक्रोजूलचा दुसरा भाग आणि पांढरा प्रकाश बीबीओ (बेरियम बोरेट) क्रिस्टलमध्ये भेटवायचे. क्रिस्टल दुसऱ्या प्रकारचा (टाइप-२), कापलेला कोन साधारण २७ अंश. क्रिस्टलवर पंपाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०० गिगावॉटच्या आसपास ठेवा.

दोन पल्स एकाच क्षणी पोचायला हव्यात, आणि ५० फेम्टोसेकंद म्हणजे १५ मायक्रॉन अंतर. केसापेक्षाही कमी. सगळ्यात जास्त विद्यार्थी इथे अडकतात, म्हणून क्रम नीट सांगतो.

आधी दोरा घ्या, खरोखरचा शिवणाचा. बीम वेगळे होतात तिथपासून क्रिस्टलपर्यंत दोन्ही मार्ग आरशागणिक दोऱ्याने मोजा. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत जुळवता येतात, म्हणजे १७ पिकोसेकंद. मार्गातल्या काचा, भिंगं धरायला विसरू नका; १० मिलिमीटर काच म्हणजे हवेपेक्षा साडेचार मिलिमीटर जास्त लांबी. मग क्रिस्टलच्या जागी वेगवान फोटोडायोड ठेवून ऑसिलोस्कोपवर दोन्ही पल्स एकमेकींवर पडतात का ते ताडून घ्या. हत्ती गेला असेल तर तो इथे सापडतो, शेपूट नाही.

शेपटासाठी डिले स्टेज. एक मायक्रॉन सरकवलं की प्रकाश जाऊन-येऊन दोन मायक्रॉन जास्त चालतो, म्हणजे ६.७ फेम्टोसेकंद. पाच-पाच मायक्रॉनच्या पावलांनी जा. घाई करून दशांश मिलिमीटरची उडी मारलीत तर शून्य क्षण कधी मागे पडला ते कळणारही नाही. खोली अंधारी करा, क्रिस्टलनंतर पांढरा कागद धरा. जुळलं की त्यावर एक हिरवट ठिपका चमकतो: पंप आणि सिग्नल यांची बेरीज, ५१४ नॅनोमीटर. शेजारी सिग्नलची गडद लाल सावली, ७२० नॅनोमीटर. दोन्ही फुकटचे उपपदार्थ आहेत, पण डोळ्याला दिसणाऱ्या त्या ठिपक्याइतका विश्वासू मित्र या टेबलावर दुसरा नाही. स्टेजचा आकडा लगेच वहीत लिहा, तारखेसह.

आता सीड, म्हणजे पांढरा प्रकाश, अडवा. सिग्नल पूर्ण गायब झाला पाहिजे. थोडा जरी उरला तर क्रिस्टल स्वतःच्याच गोंगाटातून प्रकाश तयार करतोय. पंप कमी करा. ही तपासणी रोज सकाळी.

दुसरा टप्पा

इथे मिलिजूलचा खरा पंप येतो. समजा २ मिलिजूल, ४५ फेम्टोसेकंद. बीमची त्रिज्या ५ मिलिमीटर ठेवली तर मधोमध तीव्रता १०६ गिगावॉट येते, बरोबर हवी तेवढी. त्रिज्या ३ केलीत तर ती ३००च्या घरात जाते आणि क्रिस्टल धोक्यात.

पहिल्या टप्प्यात बीम थोडे तिरके भेटले तरी चालतं, कारण तिथून फक्त सिग्नल पुढे नेतो. दुसऱ्यात मात्र पंप आणि सिग्नल एकाच रेषेत हवेत. तिरके भेटले तर आयडलरचे रंग वेगवेगळ्या कोनांत फाकतात आणि असा आयडलर पुढे कधीच नीट केंद्रित होत नाही. सिग्नलवर काम करणाऱ्याला ही चूक दिसत नाही. आयडलर वापरायला घेतला की सहा महिन्यांनी तिचं बिल येतं.

पंपाची ३० टक्के ऊर्जा उतरली तर एकूण ६०० मायक्रोजूल. त्यात आयडलरचा वाटा ४४ टक्के, कारण फोटॉन जोडीने जन्मतात आणि ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात वाटली जाते. हातात २६५ मायक्रोजूल. याहून जास्त ओढायचा मोह आवरा. क्रिस्टल दमला की ऊर्जा उलटी पंपात परतते आणि बीमच्या मध्यभागी खड्डा पडतो.

बीबीओ किंचित पाणी शोषतो. सुट्टीच्या दिवशीही तो कोरड्या खोक्यात किंवा ४० अंशांच्या धारकात राहू द्या. क्रिस्टल बाहेरून यायला महिने लागतात, तेव्हा मागवताना दोन मागवा. एकाचीच मंजुरी मिळाली तर दुसऱ्यासाठी भांडा.

आखूड करणं

निघालेली पल्स ५०-६० फेम्टोसेकंदांची असते. १.८ मायक्रॉनचं एक आवर्तन ६ फेम्टोसेकंदांचं, म्हणजे आवर्तनं अजून आठ-दहा आहेत. ती दोनवर आणायला पोकळ काचनळी: एक मीटर लांब, आतला व्यास ४०० मायक्रॉन, आत एक-दीड बार आर्गॉन. वायूतून जाताना पल्समधल्या रंगांची पट्टी रुंदावते.

नळीच्या तोंडाशी बीमचा व्यास नळीच्या व्यासाच्या ६४ टक्के हवा, म्हणजे २५६ मायक्रॉन. येणाऱ्या बीमची त्रिज्या ४ मिलिमीटर असेल तर गणिताने भिंगाचं केंद्रांतर ९० सेंटिमीटर येतं. नळी आधी हवा काढून सरळ करा: समोरून हेलियम-निऑनचा लाल बीम पाठवून दोन्ही टोकांना गोल ठिपका मिळेपर्यंत. नळीतलं नुकसान तरंगलांबीच्या वर्गाने वाढतं, म्हणून ८००वर काम करणाऱ्यांचे आकडे इथे अपेक्षू नका. निम्मी ऊर्जा बाहेर आली तरी समाधान माना.

आणि मग निसर्गाची एक भेट. ८०० नॅनोमीटरवर काच पल्सला ताणते, म्हणून तिथे महागडे खास आरसे लागतात. फ्यूज्ड सिलिका या काचेचं विखुरण, म्हणजे वेगवेगळे रंग कमी-अधिक वेगाने नेऊन पल्स ताणणं, १.२७ मायक्रॉनला शून्य होऊन पुढे उलटं होतं. नळीने लावलेला ताण १.८ मायक्रॉनवर काचेची साधी पट्टीच काढून टाकते. कॅनडातल्या गटाने २०१०मध्ये असंच करून ११.५ फेम्टोसेकंद गाठले. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चार-पाच पट्ट्या जवळ ठेवा आणि घालून-काढून बघा. पुढच्या मार्गातल्या खिडक्याही याच हिशेबात धरायच्या.

मोजणं

इन्फ्रारेडची साधनं महाग असतात, पण इथे एक सोपी पळवाट आहे. १.८ मायक्रॉनच्या दुसऱ्या हार्मोनिकची तरंगलांबी ९०० नॅनोमीटर, आणि ती सिलिकॉनच्या साध्या स्पेक्ट्रोमीटरला दिसते. दहा-वीस मायक्रॉन जाडीचा बीबीओ घ्या, पल्सचे दोन भाग त्यात एकमेकांवरून सरकवा आणि प्रत्येक पावलाला स्पेक्ट्रम नोंदवा. या मोजणीला फ्रॉग म्हणतात. या प्रकाराला काळाची दिशा कळत नाही, पुढचं मागचं सारखंच दिसतं. म्हणून ज्ञात जाडीची काच घालून दुसऱ्यांदा मोजा. खरं उत्तर त्यात वेगळं पडतं. फ्रॉग नसेल तर नुसता सिलिकॉन फोटोडायोडसुद्धा कामाला येतो. एक फोटॉन त्याला दिसत नाही, पण दोन एकदम आले तर दिसतात, त्यामुळे तो आपोआप ऑटोकोरिलेटर होतो, म्हणजे पल्स स्वतःशीच ताडून तिची लांबी मोजणारं साधन. पल्सचे दोन्ही भाग समान असतील तर मधलं शिखर पायापेक्षा बरोबर आठ पट हवं. सात आलं तर अलाइनमेंट बघा. नऊ आलं तर तुमचं शून्य चुकलंय.

लाटेची स्थिती

दोन आवर्तनांच्या पल्समध्ये शिखर पल्सच्या मधोमध पडतं की बाजूला, यावर इलेक्ट्रॉन डावीकडे जाणार की उजवीकडे ते ठरतं. ही स्थिती दर पल्सला बदलत असेल तर आखूड पल्सचा निम्मा फायदा गेला. सुदैव असं, की पंप आणि सीड एकाच लेसरमधून आलेत. दोघांतही तोच अनियमित फरक आहे आणि आयडलर म्हणजे दोघांची वजाबाकी, त्यामुळे तो फरक कटतो. बाल्टुश्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हे दाखवलं, आणि मला अजूनही हा या सगळ्या यंत्रातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

उरतो तो संथ सरकाव. पंपाचा मार्ग सीडच्या तुलनेत १०० नॅनोमीटर बदलला तर स्थिती सुमारे ४५ अंशांनी फिरते. पोलादाची मीटरभर लांबी एका अंशाला १० मायक्रॉनहून जास्त वाढते, तेव्हा पंप आणि सीड यांचे दोन्ही मार्ग शक्य तेवढे आखूड, समांतर आणि एकाच पाटावर ठेवा. मग दिवसभराचा सरकाव दुसऱ्या हार्मोनिकशी ताडून डिले स्टेजने भरून काढा. यंत्रणा उभी करण्याआधी तापमान अर्ध्या अंशात बांधा, नाहीतर फीडबॅक नुसता धावत राहतो.

चेंबरपर्यंत

चेंबर म्हणजे अणू-रेणूंचा प्रयोग होतो ती निर्वात पेटी. ऊर्जेची चिंता इथे उतरते. नळीनंतर १५० मायक्रोजूल उरले, पल्स १२ फेम्टोसेकंदांची, केंद्रात त्रिज्या ४० मायक्रॉन: तीव्रता साडेचार कोटी-कोटींच्या वर. आर्गॉनला एक कोटी-कोटी हवं तर ३२ मायक्रोजूल पुरतात. म्हणून मी दुसऱ्या टप्प्यात जास्त ओढू नका म्हणालो. उरलेली ऊर्जा आयरिसने कापा, बीमचा मधला स्वच्छ भाग तेवढा घ्या.

पण कागदावरच्या तीव्रतेवर भरवसा ठेवू नका. केंद्रातली त्रिज्या दहा टक्के चुकली तर तीव्रता वीस टक्के चुकते. अणूलाच विचारा. आर्गॉन किंवा झेनॉन सोडा आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजा. थेट निघालेले इलेक्ट्रॉन डोलऊर्जेच्या दुपटीपाशी संपतात, आदळून मागे फिरलेले दहापटीपाशी. एका कोटी-कोटीला या रेषा ६० आणि ३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टवर दिसायला हव्यात. स्पेक्ट्रोमीटर ८००च्या काळातला असेल तर ३०० त्याच्या आवाक्यात आहे का ते आधी तपासा. आमचा नव्हता आणि आम्ही दोन दिवस रिकामा स्पेक्ट्रम बघत होतो. त्या रेषेवरून उलट गणित करून आलेली तीव्रता वहीत लिहा. कागदावरचीही शेजारी लिहा. माझ्या बाबतीत पहिल्या दिवशी दोघींत दीडपट फरक होता. कारण निघालं चेंबरची खिडकी: पावसाळ्यात आतल्या बाजूने नव्हे, बाहेरून तिच्यावर मिठाचा पातळ थर बसला होता.

संध्याकाळी निघताना क्रम असा: चेंबरचा वायू बंद, मग पंप लेसरचं शटर, मग लेसर, आणि चिलर त्यानंतर दहा मिनिटांनी. खोक्यातली कोरडी हवा मात्र चालूच ठेवायची. सोमवारी सकाळी हिरवा ठिपका शुक्रवारच्या आकड्यापासून दहा मायक्रॉनच्या आत सापडला तर समजा खोली सांभाळली गेलीय.